फुलबॅक सुपडूभाऊ

आमच्या गल्लीतला सुपडूभाऊ माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलला नाही. तो पोटाकडे बघून बोलायचा. नमस्कार पोटाला, विचारपूस पोटाची आणि निरोपही पोटाचाच. देवाने पोटाच्या बाबतीत ज्याला हात सैल सोडून दिलं आहे, अशा माझ्यासारख्याला हे फार जड जायचं. सुरुवातीला मी गुपचूप सदऱ्याची बटणं तपासत असे. पुढे मी त्याच्याशी बोलताना श्वास आत ओढून उभा राहू लागलो, त्यामुळे आमचं संभाषण आपोआप आटोपशीर झालं.

माझं लग्न होऊन बायको धुळ्याला आली, तिची हळद अजून उतरायची होती. ती घागर घेऊन दारात उभी असताना सुपडूभाऊने मोठ्या आदराने विचारलं, "काय वहिनी, धुये आवडनं का?" अर्थात पोटाकडे बघून. समोरच्या अक्कांनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्ली नंबर चारला गोड बातमी कळली आणि दुसऱ्या दिवशी आईने मला डिंक आणायला बाजारात पिटाळलं. डिंकाचे लाडू मीच खाल्ले, ती गोष्ट वेगळी.

मग मात्र मी त्याला गाठून जाब विचारला.

"सवय शे, नाना," तो माझ्या पोटाला म्हणाला. "डोया लबाडी करतस, पाय लबाडी करतस. पोटले लबाडी येत नही. पोट जथं जाई, माणूस तथंच जाई."

ही विद्या त्याने मुंबईत कमावली होती. सुपडूभाऊ मूळचा दोंडाईचाकडचा. गिरणीत काम शोधायला म्हणून मुंबईला गेला आणि कोणाच्या तरी लक्षात आलं, की या माणसाला धक्का देऊन पाडता येत नाही. झालं, गिरणीने त्याला आपल्या फुटबॉलच्या संघात घेतलं. हजेरी विणकाम खात्यात लागायची, घाम मैदानावर गळायचा. त्या काळी बहुतेक सगळे अनवाणीच खेळत. सुपडूभाऊ उजवा फुलबॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून चालून येणाऱ्याला अडवायचं. डावा फुलबॅक फ्रान्सिस नावाचा एक गोवेकर. आठ-नऊ वर्षं ही जोडी एकत्र खेळली, एका ताटात जेवली.

मला खेळातलं काही कळत नाही. धावणाऱ्या माणसाला बघूनसुद्धा मला दम लागतो. त्यामुळे मी एकदा सहज विचारलं, "सुपडूभाऊ, एकूण गोल किती केलेत हो?"

"एक बी नही," तो छाती काढून म्हणाला. "अडावात कितला ते इचारा!"

गोल करणाऱ्यांबद्दल त्याचं मत फारसं बरं नव्हतं. त्याच्या मते ते नवरदेव. बठ्ठा, म्हणजे सगळा, गाजावाजा त्यांचा. मांडवाच्या मागे चुलीपाशी कोण उभा आहे, हे वऱ्हाडाला कधी दिसत नाही.

धुळ्याला परतल्यावर तो एका टॉकीजवर डोअरकीपर झाला. तिथे तर त्याची कला बहराला आली. तिकीट नसलेला माणूस दारातून आत गेलाय असं कधी घडलं नाही. पण तो कोणाला हात लावत नसे. हात पाठीमागे बांधून नुसता छातीने आडवा येई. घुसणारा डावीकडे सरकला की हा डावीकडे, उजवीकडे सरकला की हा उजवीकडे. एकदा एक फौजदार साध्या कपड्यात आला आणि बिनतिकीट आत शिरू लागला. दोघांची ती फुगडी बघायला आतली माणसं पडदा सोडून बाहेर आली. मालक ओरडला, "अरे, धर की त्याचा हात!"

"हात लावा का फाउल व्हई, मालक," सुपडूभाऊ फौजदाराच्या पोटावरची नजर न हलवता म्हणाला.

या माणसाचा जगात एकच वैरी होता, तो म्हणजे बूट. वरून नियम आला, की यापुढे बूट घालूनच खेळायचं. फ्रान्सिसला बूट मानवले. सुपडूभाऊचे पाय मात्र सोलून निघाले, सुजले, आणि फुलबॅकचा एका फटक्यात निकाल लागला. ही कहाणी त्याने गल्लीत प्रत्येकाला ऐकवली होती. मी दिवाळीला नवे बूट घेतले, तर हा हळहळला, "नाना, कसाले पायस्ले जेलमा टाकं?" पुढे पुढे तो मैदानाचं नाव निघालं की विषय बदलायचा. पण टॉकीजच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरं चेंडू खेळत असली, की त्याचा एक पाय जागच्या जागी हलायचा. ते बघून मला फार वाईट वाटे. ज्याला एकच गोष्ट उत्तम येते आणि तीच काढून घेतली जाते, त्याने करायचं काय?

एका हिवाळ्यात बातमी आली, की त्या गिरणीचा संघ जळगावला सामना खेळायला येतोय. सुपडूभाऊ हातापाया पडून मला बरोबर घेऊन निघाला. मी जळगावच्या वांग्याच्या भरताच्या आशेने निघालो, खोटं कशाला बोलू! पारोळा, एरंडोल करत एस्टी जाईपर्यंत तो मला एकच सांगत होता, "फ्रान्सिस आते थकना व्हई. त्याले सांभायनारं कोनी नही."

फ्रान्सिस खरंच थकला होता. अंगाने सुटला होता. जळगावचा एक चपळ गडी त्याला दोनदा चकवून गेला, तशी लोकांनी हुर्यो केली. सुपडूभाऊ माझ्या शेजारून उठला, गर्दीतून वाट काढत थेट गोलच्या मागे जाऊन उभा राहिला आणि ओरडू लागला, "फ्रान्सिस, ठैर! जाऊ दे त्याले बाहेर! आते डावा!" फ्रान्सिसने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. फक्त त्याचे खांदे सैल झाले. त्यानंतर तो चपळ गडी काही पुढे सरकला नाही. सामना बरोबरीत सुटला.

मैदान रिकामं झालं. दोघांची गळाभेट झाली, शिव्याही देऊन झाल्या. फ्रान्सिस बूट काढून नळावर हातपाय धुवायला गेला. सुपडूभाऊ त्या बुटांशेजारी बसून राहिला. बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग त्याने ते पायात चढवले. नाडी तळव्याखालून घेतली, घोट्याभोवती फिरवली आणि खाली न बघता गाठ मारली. रोज घालणारा माणूस बांधतो तशी.

चेंडू तिथेच पडला होता. सुपडूभाऊ चार पावलं धावला आणि त्याने असा काही फटका मारला, की चेंडू अर्धं मैदान ओलांडून पलीकडे गेला. तो नुसता बघत उभा राहिला. चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याच्या कधी पाहिला नव्हता.

"सुपडूभाऊ," मी म्हणालो, "तुमच्या पायांना तर बूट सोसत नव्हते ना?"

तो दचकला. पहिल्यांदाच त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"एकच जागा व्हती, नाना. गिरणीले नवीन पोरगा आनना व्हता. आम्हा दोन्हीस्मातून एकले काढणार व्हतात. खेय गया का गिरणीनी खोली बी जाई. फ्रान्सिसनी माय त्या खोलीमा, तीन बहिणी त्या खोलीमा. मी एकला. माले धुये शे." तो खाली वाकला. "त्याले सांगू नका. तो दुसऱ्या दिवशी खेय सोडी दी."

नळाचा आवाज थांबला. सुपडूभाऊने घाईघाईने नाड्या सोडल्या, बूट होते तसे ठेवले आणि पाय लांब करून बसला. फ्रान्सिस आला. त्याने येऊन जमिनीवर बसकण मारली, सुपडूभाऊचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने टाच दाबत विचारलं, "अभी भी दुखता है क्या रे?"

"भौत दुखता है," सुपडूभाऊ म्हणाला.

"बूट ने खा गया इसको," फ्रान्सिस मला म्हणाला. "नहीं तो इसके जैसा बॅक नहीं था बंबई में." त्याचे डोळे भरून आले होते. माझेही भरले.

संघाची गाडी रात्र व्हायच्या आधीच होती. सुपडूभाऊ फ्रान्सिसच्या खांद्यावर हात टाकून स्टेशनापर्यंत लंगडत गेला. गाडी हलली तसा तो खिडकीला धरून फलाटावर चालू लागला, तेही लंगडत. गाडीने वेग घेतल्यावर त्याचा हात सुटला. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तो एका पायावर भार देऊन उभा होता.