प्रियलला न भेटण्याचं व्रत

"गर्दी नको, धूर नको, आणि नाक वाहणारा माणूस तर उंबऱ्याच्या आत नको. एक महिना." धुळ्याच्या डॉक्टरांची ही सूचना जळगावात आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे, कारण प्रत्येकजण ती सायरबाईंच्या घरी जाऊन ऐकून आला.

प्रियल ही सायरबाईंची सहा वर्षांची नात. न्यूमोनिया बरा झाला, पण फुप्फुसातल्या बारीक नळ्यांवर व्रण राहून त्या आक्रसल्या. क्वचितच एखाद्या लेकराला होतं असं. औषधं, वाफेचं मशीन आणि धीर, एवढाच उपाय. पुन्हा सर्दी झाली तर पुन्हा ऑक्सिजन. आजार दुर्मिळ आहे असं कळलं आणि माणसं लोटली. साधा टायफॉइड असता तर कुणी फिरकलं नसतं.

"येऊ नका" हे सायरबाईंच्या तोंडून निघेना. शेवटी आमच्या जैन समाजाचे अध्यक्ष नेमीचंदभाऊ म्हणाले, "आपल्या लोकांना मनाई चालत नाही, व्रताचा नियम चालतो." एकशे बारा जणांनी हात जोडून आठ दिवस प्रियलला न भेटण्याचा नियम घेतला. मीही घेतला. माझे रोजचे पाच नियम आहेतच, त्यात आणखी एक.

आठ दिवसांत पोरगी धाप न लागता जिना चढली. पण व्रत झालं की पारणं आलं, आणि पारणं प्रियलच्याच हातून हवं.

"भाऊ, गर्दी होईल हो," सायरबाई हळूच म्हणाल्या.

"गर्दी कशी होईल? हे बठ्ठे, सगळेच्या सगळे, गर्दी न करणारेच तर आहेत."

बँड लावून मिरवणूक निघाली. भाऊ शिंकत होते, तरी पुढे चालले. मास्क लावलेली प्रियल एकेकाला चमच्याने मुगाचं पाणी देत राहिली. चाळिसाव्या तपस्व्याला ती खाली बसली.

"आजी, हे न येणारे लोक कधी जातील?"

दुसऱ्या दिवशी तिला खोकला लागला. सायरबाई तिला घेऊन पारोळ्याजवळ लेकीच्या मळ्यात गेल्या. पत्ता फक्त मला दिला. "कुणाला सांगू नका, अक्का. आणि तुम्हीही येऊ नका." मी वचन दिलं.

दिलेलं वचन मी पाळणारच. पण पाळते आहे हे पोरीला कळायला नको? तेवढंच सांगायला मी गुपचूप साडेदहाच्या पारोळा गाडीत बसले आहे. कालपासून घसा धरलाय, त्यामुळे आवाजही होणार नाही. तुम्हालाही तिची काळजी वाटत असेलच. शेजारी पिशवी ठेवून जागा धरली आहे.