खालून बंद केलंय का?

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर 'नमस्कार' चालत नाही. तिथे अप्पा धुमाळ राहतात आणि माणूस दिसला की ते विचारतात, "खालून बंद केलंय का?" म्हणजे गॅस. नुसतं शेगडीचं बटण बंद करून भागत नाही, सिलिंडरवरचा रेग्युलेटरही बंद करायचा, हे अप्पांच्या आयुष्याचं सार. जिन्यात विचारतात, भाजीच्या गाडीशी विचारतात. तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या मुलीच्या लग्नात तर स्टेजवर चढले, नवऱ्या मुलाच्या हातात पाकीट ठेवलं आणि त्यालाच विचारलं. मुलगा अमेरिकेतला. तो "येस अंकल" म्हणाला. मुलीच्या आईचा मात्र चेहरा उतरला आणि तिनं दिराला किल्ली देऊन घरी पिटाळलं. गॅस बंदच होता. दिराची पंगत हुकली.

अप्पा कारखान्यातून निवृत्त झाले, पण कामावरून सुटले नाहीत. कोणाकडे नवा सिलिंडर आला हे त्यांना जिन्यातल्या खडखडाटावरून कळतं. लगेच साबणाच्या फेसाची वाटी आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन दारात हजर. रेग्युलेटरच्या सांध्याला फेस लावायचा आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. एकदा तिसऱ्या मजल्यावरचे बापट गळती तपासायला काडी ओढत होते. अप्पांनी काडेपेटी काढून घेतली आणि थंडपणे म्हणाले, "घर पेटवायचंच असेल तर आधी आम्हाला खाली उतरू द्या." बापट आजतागायत देवापुढचं निरांजनही घाबरत घाबरत लावतात.

माझ्यावर त्यांचा विशेष लोभ, कारण आमची दारं समोरासमोर. मी शाळेत शिकवते, तोंडानं फटकळ आहे, पण अप्पांपुढे डाळ शिजत नाही.

"कदमबाई, नळीवरची तारीख बघितलीत? उलटून गेलीये."

"अप्पा, माझीही उलटून गेलीये, मला कुठे कोण बदलतंय?"

"तुमच्यातून गॅस गळत नाही," म्हणाले आणि मला नवी नळी आणायला लावली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी सकाळी शाळेला निघाले की हे दार उघडून उभे. "कनेक्शन कसं असावं, ते आमच्याकडे बघून जा." मला उशीर होत असला तरी आत नेणार. सिलिंडर उभा, खिडकी उघडी, शेगडी ओट्यावर उंच. "काय वाटतं?" असं विचारून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी नसले तर बापट, बापट नसले तर दूधवाला. त्यांच्या पत्नी, शालूवहिनी, गेल्या आणि हे प्रदर्शन सुरू झालं. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला मिरवायची हौस, दुसरं काय.

मागच्या एका रविवारी मी त्यांची फेसाची वाटी परत द्यायला गेले. अप्पा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. मला बघून सुरूच झाले. "गॅसला मुळात वास नसतो बरं का, बाई. गळती कळावी म्हणून मुद्दाम घालतात. नाक हा पहिला पहारेकरी. वास आला की दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या, खालून बंद करायचं..."

आणि त्यांच्या पाठीमागून, स्वयंपाकघरातून, दूध करपल्याचा असा वास येत होता की मला ठसका लागला. आता उठतील, मग उठतील, म्हणून मी वाट बघत होते. उठेनात.

"अप्पा, दूध."

"कसलं दूध?"

मी आत धावले. पातेल्याचा कोळसा झाला होता. शेगडी बंद केली, खालूनही बंद केलं आणि वळले. अप्पा दारात उभे राहून धुराकडे बघत होते.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "त्या साथीच्या तापात गेला तो गेलाच. शालू होती तोवर चाललं. नाक तिचं, हात माझे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलाला सांगू नका. तो गॅस काढून टाकेल आणि मला त्याच्याकडे नेईल. तिच्या ओट्यावर मला माझा चहा करू द्या हो."

मी नाही सांगितलं. तुम्हीही सांगू नका.

म्हणजे रोजचं ते "काय वाटतं?" मिरवणं नव्हतंच. हा माणूस आमचं नाक उसनं मागत होता आणि मागायची लाज वाटते म्हणून आम्हाला कनेक्शन दाखवत होता. पण म्हणून गप्प बसणारी मी नव्हे. दूध तापत असताना ओटा सोडायचा नाही, असं वर्गात दटावते तसं दटावलं. गॅस गळला की कोकलणारं यंत्र मिळतं, तेही बसवून घेतलं. अप्पांना ते पसंत नाही. "ते वाजेल, बोलेल थोडंच?" म्हणाले.

आमच्या ह्यांना मधुमेह आहे, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक. तरी मी रोज सकाळी वाटी घेऊन अप्पांकडे साखर मागायला जाते. ओट्याशी उभी राहते, दीर्घ श्वास घेते, "काही नाही" म्हणते. मग ते चहा टाकतात. आमच्या घरी साखरेचा डबा ओसंडून चाललाय.

काल शाळेला सुट्टी होती. मी उशिरा उठले. दार उघडलं तर समोर अप्पा, त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर साखरेनं भरलेली वाटी. अजून चहाही घेतला नव्हता.

"आज साखर नको होती का?" त्यांनी विचारलं.

मी तशीच, विस्कटलेल्या केसांनी, त्यांच्या ओट्याशी गेले आणि श्वास घेतला.

"काही नाही, अप्पा. उघडा खालून. आणि दोन कप टाका."