तिसरा खोकतोय

"अहो, तिसरा अजून खोकतोय! आवळा त्याला!"

रविवारी सकाळी दहा वाजता तळमजल्याच्या खिडकीतून मालनकाकू ओरडल्या. उलथनं धरलेल्या हाताच्या शेजारी दुसऱ्या हाताची तीन बोटंही नाचवली. मी जुईनगरच्या त्या बिल्डिंगमध्ये नवाच राहायला आलेलो, तोही तिसऱ्या मजल्यावर, आणि सकाळी मला खोकला असतो. तरातरा खाली उतरलो. मला आवळणारा माणूस बघायचाच होता.

खाली मोहितेअप्पा उभे. स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत, टोक एका धडधडत्या इंजिनावर. गाडीबिडी काही नाही, नुसतं इंजिन. लोखंडी घोडीवर बसवलेलं, जास्वंदीला टांगलेल्या सलाईनच्या बाटलीतून पेट्रोल पिणारं. आवाज असा, की पनवेलपर्यंतच्या कोंबड्या अंडं अर्ध्यावर थांबवत आणि रबाळ्याचे कामगार भोंगा झाला समजून डबे उघडत.

"तुमी नव्हं हो!" काकू हसून म्हणाल्या. "तिसरा सिलिंडर. शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करता करता ह्यांचं कान गेलं. म्हणून मी ऐकून सांगते."

ज्या शर्यतीच्या गाडीचं हे इंजिन, ती कधीच भंगारात गेली होती. अप्पांनी इंजिन तेवढं वाचवलं. "हिनं 'बरा' म्हटलं की दिलं विकून!" हे त्यांचं पालुपद. मुंबईचं एक शौकीन गिऱ्हाईक त्यासाठी वाट बघून बघून टकलं झालं. पण तिसरा काही बरा होईना. अप्पा स्क्रू केसभर फिरवत आणि खिडकीकडे बघत. तीन बोटं वर. पुन्हा केसभर.

मग काकू न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, भाऊ त्यांना साताऱ्याला घेऊन गेला. "महिन्याभरात येते," म्हणालेल्या. चार महिने झाले.

अप्पा रविवारी दहाला इंजिन लावायचेच. दात स्क्रू ड्रायव्हरवर, डोळे रिकाम्या खिडकीवर. न राहवून एकदा मीच त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो आणि खिडकीतून तीन बोटं दाखवली. अप्पांनी इंजिन बंद केलं.

"तुमची बोटं जाड आहेत," म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी फोनची वायर खिडकीतून ताणून बाहेर काढली आणि मला साताऱ्याचा नंबर फिरवायला लावला. "तिला ऐकवा. काय म्हणते ते सांगा."

मी रिसीव्हर इंजिनासमोर धरला, मग दुसऱ्या कानात बोट खुपसून कानाला लावला.

"सांगा, तिसरा खोकतोय," काकू म्हणाल्या. मग आवाज उतरला. "चार वर्षं झाली त्याला बरा होऊन. पण तसं म्हटलं तर इकून टाकतील. मग हा माणूस रविवारी करणार काय?"

माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही. रिसीव्हरवर हात दाबला आणि अप्पांना ओठ वाचता यावेत म्हणून गुहेएवढं तोंड उघडून सांगितलं, "अप्पा, तिसरा बरा आहे! चार वर्षं बरा आहे!"

अप्पांनी स्क्रू ड्रायव्हर तोंडातून काढला. मूठ लेंग्याला पुसली.

"ठाऊक आहे. मुठीतून दातांना कळतं," ते म्हणाले. "खिडकीत कधी येते, ते विचारा."