पोवाड्यातला कुकर

सीतारामराव सकाळपासून डफ तापवत बसले होते आणि पुण्याचे प्राध्यापक त्यांच्या बायकोचं गाणं टेप करत होते.

असं ठरलं नव्हतं. प्राध्यापक मध्ययुगीन लोकगीतं गोळा करत तंजावूरला येणार, असं पत्र आल्यापासून सीतारामराव तीन आठवडे पोवाडा घोकत होते. तंजावूरच्या मराठा राजांच्या वेळचा, चाळीस कडव्यांचा, सात पिढ्या तोंडी चालत आलेला. घरात देवनागरी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मुलीला मराठीत विचारलं तर ती तमिळमध्ये उत्तर द्यायची. टेपवर गेला तर पोवाडा वाचणार, नाहीतर सीतारामरावांबरोबर चितेवर.

पण प्राध्यापकांनी मशीन तपासायला बटण दाबलं आणि नेमक्या तेव्हाच कामाक्षीबाई स्वयंपाकघरात गायला लागल्या. गाणं भाचीच्या लग्नातल्या नलंगुचं. नलंगु म्हणजे नवरानवरीचे खेळ. त्यात गाऊन व्याह्यांची टर उडवायची, असा रिवाज. राग तोडी, देवळात गावा तसा गंभीर. आणि शब्द काय, तर विहीणबाईंच्या कुकरला सात शिट्ट्या, तरी डाळ कच्ची. त्या 'कच्ची'वर बाई दहा-दहा मिनिटं स्वर मांडायच्या.

प्राध्यापकांचे डोळे मिटले होते. "कुठल्या शतकातलं हे?"

"गेल्या महिन्यातलं," सीतारामराव म्हणाले.

प्राध्यापक समजूतदार हसले. घरच्या सोन्याची किंमत घरच्यांना नसतेच, म्हणाले.

"अहो, त्यात प्रेशर कुकर आहे की."

"तेवढं प्रक्षिप्त. मागाहून घुसलेलं."

"पुढे कलर टीव्ही आहे. केबलसकट."

"तेही प्रक्षिप्त. गाभा बघा, किती जुना."

आतून कामाक्षीबाई ओरडल्या, "अय्यो, गेल्या मासांत मीच रचलें की, सांगा त्यांना."

सांगितलं. प्राध्यापकांनी वहीत लिहिलं, 'गायिका विनयशील'. सीतारामरावांचं डोकं फिरलं. पीएच.डी. झालेल्या माणसाला कच्ची डाळ चाखवली तरी तो आधी संदर्भ मागतो.

शेवटी पोवाड्याची पाळी आली. तीन कडवी झाली आणि प्राध्यापकांनी मशीन बंद केलं.

"फार स्वच्छ आहे हो. खरं लोकगीत वाटेत काहीबाही उचलत येतं. ह्यात तर काहीच नाही. पुस्तकावरून रचलेलं दिसतंय. तुम्हीच का?"

सात पिढ्यांनी एक अक्षर हलू दिलं नव्हतं. तोच गुन्हा ठरला. प्राध्यापक वायर गुंडाळायला लागले. त्यांना पापनाशमची बस गाठायची होती. सीतारामरावांनी हातातल्या डफाकडे पाहिलं. मग खाकरले.

"एक पाठभेद आहे. आजोबा वेगळं म्हणायचे."

आणि त्यांनी डफावर थाप मारली. राजांची फौज कावेरी उतरून आली, शिंग फुंकायच्या जागी कुकरची शिट्टी झाली.

प्राध्यापकांनी घाईघाईने वायर सोडली, बटण दाबलं. पुढची बसही गेली. चाळीसच्या चाळीस कडवी टेप झाली.

दारात उभं राहून कामाक्षीबाईंनी सगळं ऐकलं होतं. "कुकर माझा आहे," त्या म्हणाल्या.

सीतारामरावांनी डफ खाली ठेवला. "तेवढं प्रक्षिप्त."