वीस लिटर आणि तुळशीची दोन पानं

बिअर दुकानात मिळते, हे पांडुरंगला माहीत होतं. तरीही ती घरी करून बघायची, असं त्याने ठरवलं. बहारीनमध्ये अस्कर गावच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात तो बावीस वर्षं भट्ट्यांचं तापमान वहीत टिपत आला होता, आणि जे वहीत नीट लिहिलं जातं ते बिघडत नाही, अशी त्याची समजूत होती. (घरी बिअर करायला तिथे परवानगी नाही, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. खाली लाल रेघ.)

उम्म अल हस्सम वस्तीतल्या त्याच्या फ्लॅटमधल्या लहान बाथरूममध्ये वीस लिटरचा ड्रम बसला. जवाचं माल्ट उकळलं, यीस्ट घातलं, झाकण दाबलं. नियम एकच : चाळीस दिवस झाकणाला हात लावायचा नाही. पांडुरंग रोज बाहेरून कान लावायचा आणि नोंद करायचा. पाचव्या दिवशी आत बुडबुड चालू होती. दहाव्या दिवशी आवाज थांबला. त्याने लिहिलं, "शांतता. प्रगती उत्तम."

अडतिसाव्या दिवशी खालच्या फ्लॅटमध्ये छतातून पाणी ठिबकायला लागलं. बिल्डिंगचे सुपरवायझर हाशिमभाई चार वाजता बाथरूम बघायला येणार, असा निरोप आला. हाशिमभाई रत्नागिरीकडचे. माणूस गोड, पण डोळ्यांना दिसेल ते फॉर्मवर उतरवणारा. फ्लॅट कंपनीचा, म्हणजे फॉर्म कंपनीत जाणार. मग नोकरी, व्हिसा, सगळं खलास.

तीन वाजता पांडुरंगने झाकण उचललं. वास नाकात नाही, थेट डोळ्यांत गेला. वर पांढरी, सुरकुतलेली साय, आणि सायीत एक काळं पडलेलं पान.

"मालू! हे पान कसलं?"

"तुळशीचं." त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "गेल्या महिन्यात ग्रहण नव्हतं का? घरातल्या सगळ्या खाण्यापिण्यात टाकलं."

"अगं, ही बिअर आहे!"

"म्हणून तर दोन टाकली."

"आणि झाकण?"

"ते मेलं परत बसेना. नुसतं ठेवलं वर."

पांडुरंगने ड्रम कमोडकडे ओढला. मालू घडी टाकून दारात उभी राहिली.

"संडासात? तुळस आहे त्यात!"

"पान काढतो."

"एक काढाल. दुसरं?"

दुसरं सापडेना. त्याने गाळणी आणली.

"गाळून काय होतंय? उतरली ती सगळ्यात. विसर्जन करा. झल्लाकला समुद्र आहे की."

"रिसॉर्टच्या बीचवर वीस लिटर दारू घेऊन जाऊ?"

"मग कुंडीत घाला."

कुंड्या दोनच होत्या. तुळशीला बिअर घालणं शक्य नव्हतं, आणि कढीपत्ता एकटा किती पिणार?

शेवटी झल्लाकच ठरलं. ड्रमवर चादर टाकून पांडुरंगने तो दारापर्यंत घसटत आणला, दार उघडलं, तर समोर हाशिमभाई. वीस मिनिटं आधी.

"काय वं पांडुरंगभाऊ, हे काय न्हेताव?"

पांडुरंगने चादर आणखी खाली ओढली. हाशिमभाईंनी चादर बाजूला केली, झाकण उचललं, नाक आत घातलं. पांडुरंगने डोळे मिटले. त्याला एअरपोर्ट दिसला.

"शिरका," हाशिमभाई म्हणाले.

"काय?"

"शिरका हाय ह्यो, व्हिनेगर. आमची आबिदा लोणच्यात घालते ना, तसला. पण तुमाला जमला नाय."

दुसरा कोणी असता तर त्याला हायसं वाटलं असतं. पांडुरंगला आधी राग आला. अडतीस दिवस वही लिहिली होती त्याने!

"हाशिमभाई, तसं बघितलं तर सुरुवातीला ही चांगली—"

मालूने त्याच्या पायावर पाय दिला. "शिरकाच आहे," ती म्हणाली.

हाशिमभाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "दारू असती तर मला लिहावं लागलं असतं. पण दारूला अक्कल लागते. हितं तसं काय दिसत नाय."

बाथरूम तपासून झालं. गळती बेसिनखालच्या नळाची निघाली. हाशिमभाईंनी फॉर्म भरून सहीला पुढे केला. शेऱ्यात लिहिलं होतं : नळ खराब. ड्रममध्ये घरगुती शिरका, तोही खराब.

पांडुरंगने ते दोनदा वाचलं. पेन हातात धरूनच त्याने विचारलं,

"हाशिमभाई, ते 'तोही खराब' तेवढं काढता येईल का?"

"नाय," हाशिमभाई म्हणाले. "फॉर्मवर मी खोटं लिहीत नाय."