जाईबाईच्या खानावळीची तपासणी

राज्यं लढून मिळतात आणि जेवून टिकतात, हे सत्य इतिहासकारांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, कारण ते बहुधा घरीच जेवतात. आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीला मात्र ते छप्पन्न साली उमगलं. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, यावर वाडीत दुमत नव्हतं. पण मुंबई मिळाल्यावर तिच्यात मराठी माणसाने खायचं कुठे? एवढं मोठं आंदोलन चाललेलं, आणि हा प्रश्न कुणालाच पडू नये! तो अण्णांना पडला. इराण्याकडे बसून ब्रुनमस्का चहात बुडवताना पडला.

तिथेच, त्याच टेबलावर, 'मराठी उपाहार शोधन समिती' स्थापन झाली. अण्णा अध्यक्ष (पोस्टातून निवृत्त, म्हणजे शिक्के मारण्याचा दांडगा अनुभव). लालबागचा सीताराम सभासद (मालवणकडचा, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, कामगारांना प्रतिनिधित्व नको का?). मी चिटणीस. ठराव असा की मराठी माणसाने मराठी माणसाच्याच हॉटेलात खावे, अशा हॉटेलांना समितीने पाटी द्यावी, आणि राज्य मिळेल त्या दिवशीच्या वाडीच्या जेवणाचं काम पाटीवाल्यालाच द्यावं. ठरावाला अनुमोदन म्हणून आणखी तीन ब्रुनमस्का मागवण्यात आले.

आता, आपलं कुठलं हे ठरवायचं तर परकं कुठलं हे आधी तपासायला नको? समितीने जिवाचं रान केलं. इराणी परका निघाला, पण एका बैठकीत इतका गंभीर निष्कर्ष काढणं योग्य नव्हे म्हणून फेरतपासणी रोज सकाळी चालू ठेवली. माटुंग्याचा उडपी कानडी निघाला. बेळगावचा प्रश्न धगधगत असल्यामुळे त्याचा डोसा दोन्ही बाजूंनी तपासला आणि निषेध म्हणून चटणी तीनदा मागितली. काळबादेवीच्या गुजराती थाळीत वाढप अमर्याद होतं, तेव्हा प्रतिपक्षाचा साठा जमेल तितका कमी करणं हे कर्तव्यच ठरलं. भायखळ्याच्या मोगलाई हॉटेलात अण्णांनी एक सूप घेतलं. ते कशाचं होतं हे विचारणं समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हतं. (अण्णांनी वाटी चाटून पुसून ठेवली. त्यावरून ते पालकाचं असावं, असा माझा तर्क आहे.)

दोन वर्षांत समितीच्या एकूण वजनात समाधानकारक वाढ झाली. मराठी हॉटेलंही पाहिली, नाही असं नाही. गिरगावात एक सापडलं, पण आम्ही बसताच मालक गल्ल्यावरून ओरडला, "बटाटावडा संपला, मिसळ संपली, आणि फुकट पंख्याखाली बसू नका." बाणा अस्सल मराठी होता, पण पाटी द्यायला काही खायला तर मिळालं पाहिजे ना?

अशा वेळी जाईबाईचा अर्ज आला. अर्ज म्हणजे ती स्वतःच आली.

जाईबाईची परळला गिरणीच्या दाराशी, भाड्याच्या गाळ्यात खानावळ होती. अण्णांची तिची ओळख जुनी. छप्पन्नच्या जानेवारीत मोर्च्यावर अश्रुधूर सुटला, तेव्हा अण्णा डोळे चोळत, धडपडत तिच्या गाळ्यात शिरले होते. तिने त्यांना बसवलं आणि स्वतःच्या हाताने डोळ्यांवर पाण्याच्या घड्या ठेवल्या. अण्णा हे उपकार आजही मानतात. (डोळ्यांना लावलेलं पाणी पिण्यात धरत नाहीत.)

"अण्णा, माझ्याकडं जेवून बघा," ती म्हणाली. "आमच्या घरधन्यांची, बुधाजींची, छाती गिरणीतल्या कापसानं भरली, ते घरी बसलेत. आता घर माझ्या चुलीवर. गाळ्याचा मालक म्हणतो, तुझ्याकडं चार शिकलेली माणसं जेवली, समितीची पाटी लागली, तर गाळा तुझा. नायतर दुसरा बघतो."

"अवश्य येऊ!" अण्णा म्हणाले. "तू तर आपलीच!"

आणि समिती गेली हो! सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास नाक्यावरूनच येत होता. सीताराम तर वासानेच हळवा झाला. "आवशीची आठवण इली रे," म्हणाला. आत ताटं मांडलेली, तांदळाच्या भाकऱ्या नुकत्या तव्यावरून उतरलेल्या, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर. अण्णांनी उंबऱ्यातून सगळं न्याहाळलं, तसबिरीपाशी किंचित थांबले, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरेरे! आज माझी संकष्टी!"

तसबिरीचा आणि संकष्टीचा संबंध जोडणारे लोक मनाने कोते असतात, हे मी इथे स्पष्ट करतो. आमच्या समितीच्या घटनेत जात हा शब्दच नाही. सीतारामलाही तेवढ्यात आठवलं की गावच्या देवीचा कौल होईपर्यंत त्याला परान्न वर्ज्य आहे. (मधल्या काळात त्याने खाल्लेला डोसा हा अन्नात मोडतो की निषेधात, हे देवीला विचारायचं राहून गेलं आहे.) माझा काहीच उपास नव्हता. पण अध्यक्षांच्या आधी चिटणीसाने जेवणं शिस्तीत बसत नाही.

दुसऱ्या वेळी एकादशी निघाली. जाईबाई हुशार. तिने साबुदाण्याची खिचडी करून ठेवलेली, वर खवलेलं खोबरं. अण्णांना भरून आलं. "किती गं करतेस! पण या खेपेला मी निर्जळी धरलीये." पाणीसुद्धा नाही म्हटल्यावर तिचा इलाजच खुंटला.

तिसऱ्या वेळी ती चक्क पंचांग घेऊन वाडीत आली. भर चौकात तिने ते उघडलं.

"अण्णा, उद्या बुधवार. संकष्टी नाय, एकादशी नाय, प्रदोष नाय. मी भटजींना विचारून आलेय. आम्ही धर्म बदलला तेव्हा हे पुस्तक मी घरातनं बाहेर काढलं होतं. तुम्ही जेवावं म्हणून परत विकत आणलं. आता बोला."

वाडीतल्या बायका कठड्यावर आल्या. अण्णा फार वेळ पंचांग चाळत राहिले. मोठ्या माणसाचं मोठेपण अशा वेळी दिसतं. त्यांनी पंचांग मिटलं आणि शांतपणे म्हणाले, "जाईबाई, हे पंचांग आमच्या घरचं नव्हे. आमच्याकडे दुसरं मानतात."

ती हसली. पण डोळे हसले नाहीत, हे मला दिसलं, आणि पोटात कसंसंच झालं. (त्या दिवशी दुपारी काळबादेवीला थाळी जरा जास्तच झाली होती.)

"बरं," ती म्हणाली. "डोळे बरे आहेत ना अण्णा?"

पुढे साठ साली राज्य मिळालं. वाडीत दिवे लागले, पेढे वाटले, लोक रस्त्यावर एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि खोटं कशाला बोलू, मीही ढसाढसा रडलो. पाटी कुणालाच दिली नसल्यामुळे जेवणाचं काम काळबादेवीच्या थाळीवाल्या आचारी महाराजला द्यावं लागलं. तो कुठल्या प्रांतातला हे विचारायचं राहिलं, पण जानवं लांबूनही स्वच्छ दिसत होतं. डाळीत गूळ जरा जास्त झाला. अण्णा म्हणाले, "असू दे, आता राज्य आपलंच आहे." ढेकर मात्र त्यांना अस्सल मराठी आला.

परळच्या त्या गाळ्यात हल्ली उडपी आहे. समितीने त्याची तीनदा तपासणी केली. सांबार उत्तम.

जाईबाई मागच्या चाळीत, आपल्या खोलीतच जेवण घालते. गिरणीची पाळी सुटली की कामगार दाटीवाटीने बसतात. कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलंय ते कुणी बघत नाही, इतकी भूक लागलेली असते. दारावर तिने स्वतःच खडूने पाटी लिहिली आहे: 'मराठी माणसाची खानावळ. आत पंचांग टांगले आहे, बघून बसावे.'

तुम्ही तिकडे गेलात तर अवश्य जेवा. मी सांगतो म्हणून जा, कालवणाचा वास नाक्यावरूनच येतो. हो म्हणताय ना? मला ठाऊकच होतं, आपल्यापैकी कुणीही असल्या गोष्टी मानत नाही.

फक्त निघण्याआधी, आज आपला काही उपास तर नाही ना, तेवढं घरात विचारून घ्या.