टाइमआउटचा गैरवापर

कोचबाईंचा करार हंगामाच्या शेवटच्या दिवशी संपत होता आणि नेमका त्याच दिवशी अंतिम सामना होता. हा निव्वळ योगायोग असल्याचं क्लबच्या सचिवांनी लेखी कळवलं होतं, त्यामुळे शंकेला जागा उरली नव्हती.

नऊ वर्षं त्या क्लबच्या महिला बास्केटबॉल संघाच्या कोच होत्या. व्यावसायिक संघ, पगारी नोकरी, सगळं रीतसर. तरी घरातल्या प्रत्येक समारंभात धाकटे दीर न चुकता विचारत, "ते सगळं ठीक आहे हो वहिनी, पण तुम्ही काम काय करता?"

"मुलींवर ओरडते," कोचबाई म्हणत आणि दिरांचं समाधान होई.

हंगामाच्या सुरुवातीलाच सचिवांनी त्यांच्यापुढे मूल्यमापनाचा तक्ता ठेवला होता. प्रेक्षकरुचीला साठ गुण, शिस्तीला तीस, हसतमुख वावराला दहा. करार वाढवून हवा असेल तर शंभरापैकी सत्तर.

"आणि जिंकण्याला?" कोचबाईंनी विचारलं.

"मॅडम, जिंकणं तर तुमचं कामच आहे. त्याला वेगळे गुण कसे देणार? मी रोज वेळेवर ऑफिसला येतो, मला देतं का कुणी गुण?"

सचिव वेळेवर येत नसत, पण मुद्दा बिनतोड होता.

"पुरुषांच्या कोचनाही हाच तक्ता आहे का?"

"छे! त्यांचा संघ चार वर्षं शेवटून दुसरा येतोय. माणूस आधीच टेकीला आलाय. त्याला कुठे गुणांच्या भानगडीत पाडता?"

मग प्रेक्षकरुची मोजायला एक सल्लागार नेमला गेला. त्याने बावीस प्रश्नांची प्रश्नावली काढली. पण प्रेक्षक अडाणी निघाले. खेळ सुरू असताना ते खेळच बघत बसत. तेव्हा प्रश्नावली टाइमआउटमध्ये भरून घ्यावी असं ठरलं. टाइमआउट म्हणजे खेळ थांबवून कोचने मागितलेलं एक मिनिट. एवढ्यात कोच संघाला गोळा करते, पाणी पाजते, झापते आणि पुढची चाल समजावते. म्हणजे सल्लागाराच्या अहवालानुसार, काहीच घडत नाही.

तरीही लोक प्रश्नावलीची होडी करून मैदानात सोडू लागले. म्हणून सोडत आली. प्रश्नावली भरा, चाकांची बॅग जिंका. सोडत काढायला मैदानातच टेबल लागलं. टेबलाला जागा हवी म्हणून संघाला खुर्च्यांमागे उभं केलं. कोचबाई तिथून बोलू लागल्या, तर माइकवाल्याला व्यत्यय येऊ लागला. लगेच परिपत्रक निघालं. टाइमआउट ही प्रेक्षकांची सोय असून त्या काळात कोचने बास्केटबॉलविषयी बोलू नये.

गंमत म्हणजे हॉल भरू लागला. प्रेक्षकरुची साठापैकी अठ्ठावन्नवर गेली. सचिवांनी पेढा दिल्यासारख्या आवाजात सांगितलं, "मॅडम, करार झाल्यातच जमा समजा. फक्त शेवटपर्यंत असंच गप्प राहा."

कोचबाई गप्प राहिल्या. त्यांना या मुली सोडायच्या नव्हत्या. संघातली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणत, ती पहिल्या वर्षी चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घ्यायची. चिमणी म्हणून जी होती, तिला तीन क्लबांनी बुटकी म्हणून परत पाठवलं होतं. असल्या पोरींना घडवायचं आणि ऐन वेळी दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

अंतिम सामन्यात नऊ सेकंद उरले होते. संघ एका गुणाने मागे. शेवटचा टाइमआउट शिल्लक होता आणि त्यात महासोडत होती, फ्रिजची. कोचबाईंनी टाइमआउट मागितला. सचिव माइक घेऊन उठले, फ्रिज ढकलत आणला गेला. बारा मुली खुर्च्यांमागे उभ्या राहून कोचबाईंकडे बघत होत्या. चिमणी खुर्चीवरून पुढे वाकली.

"कोच, काहीतरी बोला ना!"

कोचबाईंनी सचिवांच्या हातातून माइक काढून घेतला, बंद केला आणि फ्रिजवर ठेवला. मग एक प्रश्नावली उलटी करून तिच्या पाठीवर पेनाने चाल काढली. "चिमणे, तू आत घुसायचं. तुझ्यावर दोघी धावतील. तू वर बघूही नकोस, शिडीला पास दे. आणि शिडे, डोळे मिटलेस तर याद राख!"

भोंगा वाजला. सोडत राहूनच गेली, प्रश्नावल्याही वाटल्या गेल्या नाहीत. हातात भरायला काही नसल्यामुळे अख्ख्या हॉलला नाइलाजाने सामना बघावा लागला. चिमणी घुसली, दोघी धावल्या, शिडीने डोळे सताड उघडे ठेवून चेंडू जाळीत टाकला. हॉल उभा राहून एवढा ओरडला की भोंगाही ऐकू आला नाही.

आठवड्याभरात पत्र आलं, करार वाढणार नसल्याचं. ओरडणाऱ्यांपैकी एकानेही प्रश्नावली न भरल्याने अंतिम सामन्यात प्रेक्षकरुची शून्य आढळली होती, आणि अंतिम सामन्याला दुप्पट वजन होतं. शिस्तीचे गुण टाइमआउटचा वापर खेळासाठी केल्याने कापले होते. हसतमुख वावराचे दहापैकी दहा दिले होते, कारण चषक घेताना त्या हसल्या होत्या.

कोचबाईंनी चेंजिंग रूममधला आपला कप्पा रिकामा केला. मुली रडल्या. त्याही रडल्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

जागा आता रिकामी आहे. जाहिरात निघाली आहे. बास्केटबॉल येण्याची अट नाही. महिलांच्या खेळाला प्रोत्साहन मिळालं पाहिजे असं उमेदवाराचं ठाम मत हवं, आणि त्याने महिलांचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नसावा. आपण जरूर अर्ज करा. पुरावा जोडायची गरज नाही, आपल्या शब्दावर क्लबचा पूर्ण विश्वास आहे.